वास नसलेल्या वायूची गोष्ट

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत आमच्या घरी गॅसचा गिझर आणला. दुकानाचा माणूस तो बसवायला चार दिवसांनी येणार होता आणि त्याचे पैसे वेगळे पडणार होते. गल्लीतला एक ओळखीचा नळकाम करणारा म्हणाला, "चाचा, त्यात काय आहे? अर्ध्या तासाचं काम." त्याने शेगडीची रबरी नळी मधोमध कापली, तिथे पितळेचा 'टी' बसवला, भिंतीला भोक पाडून दुसरी नळी न्हाणीघरात नेली, क्लिपा आवळल्या आणि गिझर पेटवून दाखवला. निळी ज्योत पाहून मी खूश झालो. दुकानाच्या माणसाचे पैसे वाचले, म्हणून त्याला चहाही पाजला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पत्नीने मला हलवून उठवले. "अहो, गॅसचा वास येतोय." मी झोपेतच उठलो आणि सवयीने माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. तिने मनगट घट्ट धरले. "बटण नको दाबू!" घाबरली की ती 'अहो'वरून 'अरे'वर येते. अंधारात चाचपडत रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि नातीला उचलून आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो. उजाडल्यावर पाहिले, तर टीवरची एक क्लिप ढिली होती. एवढेच. दोन बोटांनी फिरेल इतकी ढिली.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. आम्हाला वाचवले ते त्या वासाने. पण हा वास मुळात येतो कुठून? मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. तरी वाचत गेलो, विचारत गेलो. जे कळले त्याने काही रात्री नीट झोप लागली नाही. आज ते तुम्हाला सांगणार आहे.

पहिली गोष्ट ही, की आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो गॅसचा नाहीच. सिलिंडरमधल्या शुद्ध गॅसला नाव घेण्यासारखा वास नसतो. मुंबई-पुण्यात पाइपने घरोघरी जो नैसर्गिक वायू येतो, त्यालाही नसतो. तो सडक्या कोबीसारखा, कुजक्या कांद्यासारखा दर्प मुद्दाम मिसळलेला असतो. मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त रसायनांचा तो दर्प. माणसाचे नाक या रसायनाच्या बाबतीत इतके तीक्ष्ण असते, की हवेच्या अब्जावधी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ते चाळवते.

पूर्वी याची गरज भासत नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत आणि १८६०च्या दशकात आपल्या मुंबईतही रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. तो दगडी कोळशापासून काढलेला गॅस होता. त्यात गंधकाची घाण एवढी असे, की गळती झाली तर गल्लीला कळे. पुढे जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू वापरात आला. तो स्वच्छ जळतो, भरपूर उष्णता देतो, पण येतो मुका. ना रंग, ना वास. बिनवासाच्या गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळण्याची युक्ती जर्मनीत १८८०च्या दशकातच करून पाहिली गेली होती. म्हणजे ज्ञान होते. ते सक्तीचे व्हायला अर्धे शतक लागले, आणि त्यासाठी एक शाळा जावी लागली.

ती शाळा अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, रस्क परगण्यात, न्यू लंडन या गावी होती. या भागात ऑक्टोबर १९३०मध्ये खनिज तेल सापडले. कापूस आणि रताळी पिकवणारा हा गरीब मुलूख बघता बघता तेलाच्या मनोऱ्यांनी भरून गेला. मंदीने सगळी अमेरिका होरपळत असताना इथे मात्र पैसा वाहत होता. त्या पैशातून गावाने शाळा बांधली. तिचा खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. त्या काळी खेड्यातल्या शाळेसाठी ही रक्कम अचाट होती. शाळेच्या आवारातही तेलाचे मनोरे उभे होते. हिवाळ्यात इमारत उबदार ठेवण्यासाठी आधी एकाच जागी बॉयलर बसवून सगळीकडे वाफ खेळवायचा बेत होता. तो बदलला आणि खोल्याखोल्यांतून गॅसवर चालणारे ७२ हीटर बसवण्यात आले. ७२ हीटर म्हणजे ७२ बर्नर, आणि प्रत्येक बर्नरकडे जाणारी एक नळी. या नळ्यांचे जाळे इमारतीच्या जमिनीखालच्या पोकळीतून गेलेले होते. ही पोकळी सुमारे २५३ फूट लांब आणि ५६ फूट रुंद होती, आणि ती जवळजवळ बंदच होती. वारा खेळायला तिथे वाट नव्हती.

सुरुवातीला शाळा रीतसर कंपनीकडून गॅस घेत असे. महिन्याला साधारण ३०० डॉलर बिल येई. त्या परिसरात दुसराही एक गॅस होता आणि तो फुकट होता. तेलासोबत विहिरीतून जो वायू वर येतो, त्यातला पेट्रोलसारखा अंश कारखान्यात काढून घेतला, की उरलेला गॅस कंपन्यांच्या दृष्टीने टाकाऊ असे. बराचसा जाळून टाकत. अशा उरलेल्या गॅसच्या नळाला भोक पाडून आपली जोडणी करून घ्यायची, अशी त्या भागात रीतच पडली होती. घरे, दुकाने, प्रार्थनास्थळे, सगळे हेच करत. कंपन्यांची लेखी परवानगी नसे, पण त्या काणाडोळा करत. १९३७च्या सुरुवातीला शाळेच्या मंडळाने रीतसर करार रद्द केला आणि शाळेजवळून जाणाऱ्या अशाच एका नळाला जोडणी करून घेतली. महिन्याचे ३०० डॉलर वाचू लागले.

श्रोतेहो, त्या मंडळातली माणसे दुष्ट नव्हती. सार्वजनिक पैसा जपून वापरावा, असेच त्यांना वाटत असणार. सगळे करतात तेच त्यांनी केले. इथे मला माझा आठशे रुपयांचा हिशेब आठवतो. दुकानाच्या माणसाचे तेवढेच वाचले होते.

त्या जोडणीत कुठेतरी गळती होती. गॅस हळूहळू जमिनीखालच्या पोकळीत साठत राहिला. त्याला वास नव्हता. आधीच्या काही दिवसांत मुले डोके दुखते म्हणत होती, पण डोके दुखण्याची कारणे हजार असतात. जमिनीखाली काय भरत चालले आहे, हे कळायला कोणाकडेही साधन नव्हते.

१८ मार्च १९३७. गुरुवार. दुसऱ्या दिवशी जवळच्या हेंडरसन गावी आंतरशालेय स्पर्धा असल्याने शाळेला सुट्टी होती. लहान वर्गांतली मुले घरी गेली होती. वरच्या वर्गांतली सुमारे ५०० मुले आणि त्यांचे शिक्षक इमारतीत होते. शेजारच्या व्यायामशाळेत पालक-शिक्षक सभा भरली होती. म्हणजे अनेक आया तिथे, हाकेच्या अंतरावर बसल्या होत्या. दुपारी तीन वाजून गेल्यावर हस्तकलेचे शिक्षक लेमी बटलर यांनी लाकूड घासायच्या विजेच्या यंत्राचे बटण दाबले.

बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी उडते. रोज आपल्या घरी उडते. नैसर्गिक वायूचे एक गणित आहे. हवेत तो शंभरात पाचाहून कमी असेल तर पेटत नाही, पंधराहून जास्त असेल तरी पेटत नाही. पाच ते पंधराच्या मध्ये असला, की एवढीशी ठिणगी पुरते. त्या खोलीत पेटलेली ज्योत खालच्या पोकळीत शिरली आणि अख्ख्या इमारतीखालची जमीन उडाली. पाहणाऱ्यांनी सांगितले, की भिंती फुगल्या, छप्पर वर उचलले गेले आणि सगळे एकदम खाली बसले. दोन टनांचा काँक्रीटचा एक तुकडा दूर उभ्या असलेल्या मोटारीवर जाऊन पडला. चार मैलांवर आवाज ऐकू गेला.

व्यायामशाळेतल्या आया धावत बाहेर आल्या. तेलविहिरींवरचे मजूर हातातली कामे टाकून आले. त्यांच्याकडे जड वजन उचलायची यंत्रे होती, तोडायची हत्यारे होती. यातल्या कित्येकांची मुले त्याच ढिगाऱ्याखाली होती. रात्रभर, पावसात, दिव्यांच्या उजेडात त्यांनी तो ढिगारा उपसला. सतरा तासांत जागा मोकळी झाली. जवळच्या टायलर शहरात एका नव्या रुग्णालयाचे उद्घाटन दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. समारंभ बाजूला ठेवून त्याची दारे त्याच दिवशी उघडली गेली. मेलेल्यांचा नेमका आकडा आजही वेगवेगळा सांगतात, पण तो ३००च्या जवळपास आहे. अमेरिकेच्या इतिहासात शाळेत घडलेली यापेक्षा मोठी जीवितहानी नाही. युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा वीस वर्षांचा एक बातमीदार तिथे गेला होता. वॉल्टर क्राँकाईट त्याचे नाव. पुढे तो दूरचित्रवाणीवरचा जगप्रसिद्ध वृत्तनिवेदक झाला, दुसरे महायुद्ध त्याने पाहिले. तरी अखेरपर्यंत तो सांगत राहिला, की न्यू लंडनच्या बातमीसारखी बातमी पुन्हा वाट्याला आली नाही.

ढिगाऱ्यात म्हणे एक फळाही सापडला. तेल आणि नैसर्गिक वायू हे या भागाला मिळालेले मोठे वरदान आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यावर खडूने लिहिलेले होते. मी कवी आहे, तरी त्या फळ्यावर कविता करायचे धाडस मला झाले नाही.

चौकशी झाली. शाळेचे अधीक्षक शॉ यांचा मुलगाही या स्फोटात गेला होता. लोकांचा राग त्यांच्यावर एवढा होता, की त्यांना पद सोडावे लागले. चौकशीत कोणा एका माणसावर गुन्हा ठेवला गेला नाही. अनेक दावे दाखल झाले, पण हाती काही लागले नाही. सगळेच तसे करत होते, मग दोष कोणाचा? हा प्रश्न त्या गावाने पुढे कित्येक वर्षे गिळून टाकला. लोक त्या दिवसाबद्दल बोलत नसत. १९३९मध्ये शाळा पुन्हा बांधली आणि रस्त्याच्या मधोमध ग्रॅनाइटचे स्मारक उभे राहिले.

कोणाला शिक्षा झाली नाही, पण दोन कायदे मात्र झाले, आणि तेही त्याच वर्षी. टेक्सासच्या विधिमंडळाने ठरवले, की गॅसला ओळखू येईल असा वास दिलाच पाहिजे. पुढे हीच रीत अमेरिकाभर आणि जगभर पसरली. दुसऱ्या कायद्याने अभियंत्यांना नोंदणी सक्तीची केली: ज्याला ते काम येते असे सिद्ध झाले आहे, त्यानेच ते करावे. आज वासाचा संकेत साधारण असा आहे, की गॅस पेट घेण्याइतका साठण्याच्या पाचव्या हिश्श्यालाच सामान्य माणसाला तो जाणवावा. आमच्या घरी पहाटे पत्नीला जाग आली ती या पाचव्या हिश्श्याने. त्यामागे त्या मुलांचे मरण आहे, हे मला माहीत नव्हते.

पण थांबा. वास दिला म्हणजे काम झाले, असे समजू नका. ते तसे नाही, हे लंडनमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या खऱ्या लंडनमध्ये, तीस वर्षांनी दिसले. १६ मे १९६८ रोजी तिथल्या रोनन पॉइंट या बावीस मजली नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या आयव्ही हॉज या बाई पहाटे पावणेसहाच्या सुमारास चहा करायला उठल्या. त्यांनी काडी ओढली आणि स्फोट झाला. रात्रभर गॅस साठला होता, पण झोपेत नाक पहारा देत नाही. आयव्ही हॉज वाचल्या. मात्र भिंत उडाल्याने वरचे मजले आधार सुटून कोसळले आणि त्यांच्या ओझ्याने खालचेही कोसळत गेले. इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांच्या घरासारखा खाली आला. चार माणसे गेली, सतरा जखमी झाली. चौकशीत दोष सापडला तो दोन ठिकाणी. एक, मोठमोठे तयार काँक्रीटचे पाट जोडून उभ्या केलेल्या इमारतीच्या रचनेत. आणि दोन, शेगडीला गॅसची नळी जोडणाऱ्या पितळेच्या एका नटात. तो नट हलक्या दर्जाचा होता, आणि तडकला होता.

या घटनेनंतर ब्रिटनमध्ये १९७०मध्ये गॅसचे काम करणाऱ्या कारागिरांची नोंदवही सुरू झाली. आधी ती ऐच्छिक होती. १९९१मध्ये सक्तीची झाली, आणि २००९पासून ती नव्या नावाने चालते. नोंद नसलेल्या माणसाने पैसे घेऊन कोणाच्या घरची गॅसची नळी जोडणे तिथे गुन्हा आहे.

आता मला जे समजले ते साध्या भाषेत सांगतो. गॅसच्या कामात पहिला पहारेकरी म्हणजे सांधा, आणि शेवटचा म्हणजे वास. आपण शेवटच्यावर विसंबतो आणि पहिल्यावर पैसे वाचवतो. शेवटच्याचे पाय मातीचे आहेत. सर्दी झाली की नाक बंद. वय झाले की नाक मंद. थोडा वेळ त्याच वासात बसलो की नाक सवयीचे होऊन सांगायचे थांबते. आणि नव्या लोखंडी नळीच्या आतली भिंत, तिथला गंज, हे वासाचे रसायन स्वतःच शोषून घेतात, असेही घडते.

वासाला एक गोष्ट तर मुळीच कळत नाही. गॅस नीट जळला नाही, हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मिसळलेला दर्प ज्योतीत जळून गेलेला असतो, आणि या विषारी वायूला स्वतःचा वास नाही. खिडकी बंद असलेल्या छोट्या न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवून आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत येतात. गळती कुठेच नसते. धूर बाहेर जायला वाट नसते, एवढेच. आमचा गिझरही न्हाणीघरात आतच टांगला होता. आमची दुसरी चूक ती होती, आणि तिचा वास येणार नव्हता.

तो गिझर आम्ही काढला. पुढे आमच्या भागात पाइपचा गॅस आला, तेव्हा जोडणीला एक तरुण फिटर आला. पंचविशीतला पोरगा. मी त्याच्या मागेमागेच होतो. त्याने धातूची नळी भिंतीच्या बाहेरून आणली, भिंतीतून जाते तिथे तिच्यावर दुसऱ्या मोठ्या नळीचा तुकडा म्यानासारखा चढवला. सांधा भिंतीच्या पोटात किंवा फरशीखाली येऊ दिला नाही. "झाकलेला सांधा बघणार कोण, चाचा?" शेगडीजवळ हाताला येईल अशी बंद करायची कळ बसवली. रबरी नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरासाठी, डोळ्यांसमोर राहील अशी, आणि ठराविक वर्षांनी बदलायची, असे बजावले.

मग त्याने गॅस सोडण्याआधीच नळीत हवा भरली आणि दाब दाखवणारे घड्याळ जोडले. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून तो एकेका सांध्यावर फिरवू लागला. गळती असेल तिथे बुडबुडा फुगतो. नात डोळे मोठे करून बघत होती. तिला बुडबुडे हवे होते. मी माझी जुनी हुशारी दाखवली, "आमच्या लहानपणी काडी लावून बघायचे." तो हसला नाही. म्हणाला, "म्हणूनच सांगतोय, तसं कधी करू नका."

एकही बुडबुडा आला नाही. नात हिरमुसली. पत्नीने आतून विचारले, "चहा टाकू का रे बाळा? जुन्या शेगडीवर." तो भिंतीला टेकून घड्याळाच्या काट्याकडे बघत उभा होता. त्याला अजून तीन घरी जायचे होते, हे त्याने आल्याआल्याच सांगितले होते.

"थांबा चाची," तो म्हणाला, "काटा अजून दहा मिनिटं बघायचाय."

आम्ही सगळे मग दहा मिनिटे काट्याकडे बघत उभे राहिलो.